झोपाळ्याखालची फरशी आधी ठरवा

बडोद्याच्या घरात झोपाळ्याखाली वाकून पाहा. पाय जिथे टेकतात तिथे फरशीवर ताटाएवढा निस्तेज डाग पडलेला असतो, बाजूची फरशी मात्र चमकत असते. हा डाग पायांचा नाही, पायांखालच्या धुळीचा. धुळीतली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोह्स मापावर तिचा कठीणपणा ७. संगमरवर ३, कोटा दगड ३ ते ४, ग्रॅनाइट ६ ते ७. जे वाळूपेक्षा मऊ, ते रोज थोडं थोडं घासलं जाणारच.

म्हणून उंबरठा, पॅसेज आणि झोपाळ्याखाली चकचकीत ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड फरशी (प्रचंड उष्णतेत भाजलेली, पाणी जवळजवळ न पिणारी फरशी म्हणजे व्हिट्रिफाइड) घेऊ नका. तिच्यावरची छपाई आणि ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, यांचा थर पातळ असतो. चकाकी एकदा गेली की पॉलिश करून परत आणता येत नाही. इथे डबल चार्ज (वर रंगीत मातीचा जाड थर दाबलेली) किंवा फुल बॉडी (आरपार एकाच रंगाची), शक्यतो मॅट घ्या. डबल चार्जचा रंगीत थर ३ ते ४ मिमी जाड असतो, ओरखडा पडला तरी खालून तोच रंग दिसतो. ग्लेझ्डच आवडली असेल तर पीईआय (ग्लेझ किती घासायला टिकतो याचा दर्जा) ४ किंवा ५ मागून घ्या.

फरशा गुजरातमधल्याच मोरबीहून येतात आणि दुकानात डिझाइन शेकड्यांनी दिसतात, पण दुकानातल्या दिव्यांवर विसंबू नका. एक नमुना घरी आणा. उलटा करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका; लगेच शोषला गेला तर ती व्हिट्रिफाइड नाही (तिचं शोषण ०.५ टक्क्यापर्यंतच असतं). मग सरळ करून कोपऱ्यात चिमूटभर वाळू टाकून फडक्याने पन्नास वेळा घासा आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहा.

घरात जुना कोटा असेल तर तो उखडू नका. झिजला तरी जागेवरच मशीनने घासून पुन्हा पॉलिश होतो, हे ग्लेझ्ड फरशीला जमत नाही. जपायचं ते आंबटापासून: लिंबू, चिंच, व्हिनेगर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाथरूमचं अ‍ॅसिड. कोटा चुनखडीचा दगड आहे, आंबट पडलं की पृष्ठभाग खाल्ला जातो. ओट्याला म्हणूनच ग्रॅनाइट बरा. त्यावर पाणी ठेवून १० मिनिटांनी पुसा. खाली काळपट ओल दिसली तर सीलर (दगडाची छिद्रं बंद करणारं द्रावण) मारून घ्या, नाहीतर हळद आणि तेल आत उतरतं.

बाथरूम आणि मोरीला आर-१० किंवा आर-११ पकडीची (आकडा मोठा तितकी कमी घसरणारी) फरशी हवी. तिथे गुळगुळीत फरशी लावणं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना धोक्यात घालणं.

उत्तम फरशीही बसवताना बिघडते. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटच्या घोळाला नीट चिकटत नाही. अ‍ॅडहेसिव्ह वापरा आणि ते दातेरी थापीने सगळीकडे पसरवायला सांगा. चार कोपऱ्यांना गोळे ठेवून बसवलेली फरशी मधे पोकळ राहते आणि जड भांडं पडलं की तडकते. नाण्याने ठोकलं की ते लगेच कळतं. अ‍ॅडहेसिव्हची २० किलोची पिशवी ३ मिमी थरात साधारण ४५ ते ५० चौरस फुटांना पुरते. सांधा २ ते ३ मिमी ठेवाच, आणि भिंतीलगत ५ मिमी फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाका. कारागीर ‘जॉइंट लेस छान दिसतं’ म्हणेल, ऐकू नका. मेच्या उन्हात फरशा प्रसरण पावतात, जागा मिळाली नाही की मधोमध तंबूसारख्या उठतात. स्वयंपाकघरात सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट (राळेचा मसाला) महाग पडला तरी घ्या, सिमेंटचा ग्राउट वर्षभरात तेलकट काळा होतो.



मोजमापापेक्षा १० टक्के माल जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच व शेड क्रमांक जुळवून पाहा. दोन खोकी माळ्यावर राहू द्या: नंतर एखादी फरशी फुटली, तर त्या छटेची बाजारात मिळणं कठीण.