सिंहगड ते वेल्हे: पाच जणांची डोंगरी रिले कशी आखावी

आतकरवाडी, सिंहगड, विंझर, गुंजवणे, राजगड, तोरणा, वेल्हे. हा पट्टा एकट्यानं पळायचा तर वर्षभराची तयारी लागते. पाच जणांत वाटला तर रविवारी टेकडीवर पळणाऱ्यालाही जमतो. मात्र अशी रिले बहुधा पायांमुळे बिघडत नाही. बिघडते ती गाडी वेळेत न पोचल्यानं किंवा वेळेचा हिशेब चुकल्यानं. म्हणून आधी गाड्या आणि घड्याळ, मग पळणं.

टप्पे सारख्या अंतराचे पाडायला जाऊ नका. गाडी जिथे पोचते तिथेच बदली करता येते. गडावर बदली ठेवली तर पुढच्या गड्याला पळण्याआधीच तासभर चढावं लागतं आणि आधीच्याला दमलेल्या पायांनी उतरावं लागतं. या पट्ट्यात सोयीच्या जागा चारच: सिंहगडाच्या वाहनतळाजवळ पुणे दरवाजा, विंझर, गुंजवणे, आणि राजगड-तोरणा धारेला (दोन गड जोडणाऱ्या डोंगरमाथ्याच्या रांगेला) वेल्हे-भुतोंडे डांबरी रस्ता ओलांडतो ती जागा. शेवट वेल्ह्यात.

पहिला टप्पा आतकरवाडी ते पुणे दरवाजा, निव्वळ चढ. दुसरा गड ओलांडून कल्याण दरवाजातून बाहेर, मग धार धरून विंझरला उतरायचं. तिसरा विंझर ते गुंजवणे, बराचसा सपाट. नवख्याला हा द्या. चौथ्यात राजगड चढून संजीवनी माचीवरून आळू दरवाजानं उतरून रस्त्यापर्यंत. पाचव्यात तोरणा आणि वेल्ह्याचा उतार. चौथा आणि पाचवा टप्पा वेगवान माणसाला नाही, तर घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, पाय न डगमगणाऱ्याला द्यावा. सडकेवर दहा किलोमीटर पाऊण तासात पळणारा इथे हमखास अडतो.

वेळ काढताना नुसते किलोमीटर मोजू नका. दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरा. पहिल्या टप्प्याचंच बघा: अंतर साधारण पावणेतीन किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे हिशेबाला पावणेनऊ किलोमीटर. सडकेवर आरामात सहा मिनिटांना एक किलोमीटर पळणाऱ्याला इथे ५० ते ५५ मिनिटं लागतील. उताराची वेळ वजा करू नका. सुट्या मुरमावर उतरणंही हळूच होतं. त्यावर वाट शोधण्याचे दहा टक्के वाढवा. प्रत्येक टप्प्याचा ट्रॅक आधी जाऊन जीपीएस घड्याळावर नोंदवा आणि अंतर-चढाचे आकडे त्यातूनच घ्या.

आता गाड्या. माणूस डोंगर सरळ ओलांडतो, गाडीला वळसा पडतो. सिंहगडावरून विंझरला जायचं तर घाट उतरून डोणजे, खानापूर आणि पुढे पाबे घाट. एका गाडीत हे जमवायला गेलात तर कुणीतरी रस्त्याच्या कडेला ताटकळत थंड होणार. दोन गाड्या घ्या, दोन चालक आणि एक राखीव गडी. पहिल्या गाडीत एक, दोन, पाच नंबर आणि राखीव. ही एक नंबरला आतकरवाडीत सोडून घाटानं वर जाते, दोन नंबरला दरवाजाशी उभं करते, एकला उचलून पाबे घाटानं विंझरला येते, दोनला घेऊन भुतोंडे रस्त्यावर थांबते. दुसरी गाडी तीन आणि चार नंबरला घेऊन आधीच विंझरला पोचते, चारला गुंजवण्यात ठेवते, तीनला तिथून उचलून वेल्ह्याला जाते. सिंहगडच्या नाक्यावर गाड्या किती वाजता वर सोडतात, ते आदल्या आठवड्यात विचारून या. सुरुवातीची वेळ त्यावरून ठरवा. वनखात्याची परवानगी आणि वाटेतल्या ग्रामपंचायतींना पूर्वसूचना याच फेरीत उरका.

डिसेंबरच्या मध्यात पुण्यात उजाडतं सातच्या सुमारास आणि सूर्य मावळतो सहाला. सहाला सुरुवात केलीत तर पहिल्याला हेडटॉर्च लागेल. पाचव्यानं डांबरी रस्ता दुपारी दोननंतर सोडायचा नाही, हा नियम आधीच ठरवा आणि पाळा. तोरण्याच्या बुधला माचीकडचे खडकाळ टप्पे अंधारात, दमलेल्या पायांनी करण्याजोगे नाहीत. रविवार टाळा: सिंहगडाच्या वाटेवर गर्दी असते आणि राजगडाच्या चोर दरवाजाखाली, रेलिंगच्या खडकाळ टप्प्यावर, रांग लागते. तिथे कुणाला ओलांडून पुढे जाऊ नका.

पळणाऱ्यांनी एकमेकांना द्यायची वस्तू म्हणजे कमरेचा छोटा पाउच. रिलेची नेहमीची काठी हातात नको, चढाला दोन्ही हात मोकळे हवेत. पाउचमध्ये शिट्टी, क्रेप बँडेज, ओआरएसचं एक पाकीट, आणि सगळ्यांची नावं, रक्तगट व दोन्ही चालकांचे नंबर लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून. ऑफलाइन नकाशा मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनमध्ये. धारेवर रेंज येते-जाते, तेव्हा "पोचलो की फोन करतो" यावर काही ठरवू नका. अंदाजाच्या कमाल वेळेवर अर्धा तास गेला तर राखीव गडी पाणी घेऊन उलट दिशेनं निघतो. पुढचा पळणारा तोपर्यंत जागा सोडत नाही. जखमी सापडला तर १०८.

येणारा दिसला की पुढच्यानं जॅकेट काढून दोन्ही बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून उभं राहावं. पाउच देताना येणाऱ्यानं तीनच गोष्टी सांगाव्यात: वाट कुठे फसवी होती, पाणी किती उरलं, कुत्री किंवा मोहोळ दिसलं का. "जा, मस्त आहे" एवढ्यानं पुढच्याला काही कळत नाही.

वाट चुकण्याच्या जागा ठरलेल्या असतात. कल्याण दरवाजाखाली मळलेली वाट कल्याण गावाकडे उतरते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. विंझरची धार धरायची असते. चुकून गावात उतरलात तर गाडीला तिथे यायला कोंढणपूर, खेड-शिवापूरवरून वळसा. दुसरी फसगत ढोरवाटांची. त्या उताराला आडव्या जातात, बऱ्याच अंतरापर्यंत रुंद वाटतात आणि करवंदीच्या जाळीत संपतात. पाच मिनिटं धारेपासून लांब आडवं जात असाल तर थांबा, मागे फिरा. खुणेसाठी कापडी फिती बांधा, पण त्या त्याच दिवशी काढायच्या. दगडाला रंग लावायचा नाही. २०२५पासून राजगड जागतिक वारसा यादीत आहे, पण यादीत नसता तरी लावायचा नव्हता.

डिसेंबरात गवत वाळतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. वर दिसतं एक, आत शिरलेली असतात दहा. घोट्याशी टोचत राहिली की माणूस नकळत पाय तिरका टाकतो आणि तिथेच मुरगळतो. पातळ गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण, घाला. नसेल तर जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी बुटाच्या तोंडावर ओढा. बदलीच्या ठिकाणी चिमट्यानं कुसळं काढायला दोन मिनिटं द्या. फेब्रुवारीनंतर वणव्यानं काळ्या झालेल्या उतारावर पाऊलवाट दिसत नाही आणि ऊनही सोसत नाही, म्हणून तारीख पुढे ढकलू नका.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा. चौथ्या-पाचव्या टप्प्याला दोन लिटर घेऊनच निघा, गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या बाटलीत घट्ट केलं तर पोट बिघडतं. खायला शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. दर अर्ध्या तासाला थोडं, भुकेची वाट न बघता. परफ्यूम आणि उग्र वासाचं तेल घरीच ठेवा. आग्या मोहोळ उठलं तर हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून आल्या वाटेनं लांब निघून जायचं.