दोन आम्लं मिसळली, आता तीव्रता किती?
वाटीभर तांबडा आणि पातेलंभर पांढरा रस्सा एकत्र केला तर तिखटपणा निम्मा होत नाही, हे कोल्हापूरच्या पोराला सांगावं लागत नाही. बारावीच्या वहीत मात्र तोच पोरगा दोन आम्लांच्या तीव्रतेची सरळ सरासरी काढतो! आधी नॉर्मॅलिटी काढा, म्हणजे लिटरमागे आम्ल किती मोल प्रोटॉन देऊ शकतं ते; मोलर आकडा लिटरमागे आम्लाचे मोल तेवढे मोजतो. ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक ०.५ नॉर्मलच, पण ०.२ मोलर सल्फ्युरिक ०.४ नॉर्मल, कारण त्याचे प्रोटॉन दोन. मग प्रत्येकाला आपापल्या आकारमानानं गुणा. पहिलं २०० मिली, दुसरं ३०० मिली घेतलं तर १०० अधिक १२०, म्हणजे २२० मिलिइक्विव्हॅलंट (देता येणाऱ्या प्रोटॉनचे मिलिमोल). त्याला एकूण ५०० मिलीनं भागा: ०.४४ नॉर्मल. हा आकडा टायट्रेशनला, म्हणजे अल्कली घालून आम्ल मोजायला चालतो, पीएच काढायला नाही; पीएच ठरतो तो द्रावणात खरोखर सुटलेल्या प्रोटॉनवरून. सल्फ्युरिकचा दुसरा प्रोटॉन अशा द्रावणात पूर्ण सुटतच नाही.