जर्क पकडायचा तो असा: ‘द सिम्पसन्स’ बघताना

सेटवर अकरा वर्षं मी कंटिन्युइटी सांभाळली. रोजच्या मालिकांचं काम. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे पूर्ण सीन लांबून टिपणाऱ्या शॉटमध्ये, मंगळसूत्र पदराच्या आत होतं की बाहेर, कपात चहा किती उरला होता, शर्टाची बाही कुठवर दुमडलेली होती, हे सगळं वहीत उतरवायचं, फोटो काढून ठेवायचे. जेवणाच्या सुट्टीनंतर क्लोज-अप लागला की ते तसंच आहे ना, बघायचं. जुळलं नाही की सेटवर म्हणतात, ‘जर्क आला’.

माझा भाचा ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा भक्त. त्याच्यासोबत बघायला बसले आणि मीच त्यात अडकले. १७ डिसेंबर १९८९ ला सुरू झालेली ही मालिका अजून चालू आहे. तिच्या एकेका फ्रेममध्ये कुठला सिनेमा, कुठलं नाटक, कुठली पाटी दडलेली असेल सांगता येत नाही. आणि जर्कही आहेत, भरपूर. दोन्ही शोधायची आमची एक पद्धत बसली आहे, ती सांगते.

सगळ्यात आधी चौकट तपासा. २००९ च्या फेब्रुवारीपर्यंतचे भाग जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यासाठी काढलेले आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा हे जुने भाग रुंद पडद्यात बसवण्यासाठी वरून-खालून कापून दाखवले गेले. ‘डफलेस’ या १९९३ च्या भागात सिम्पसन कुटुंबातला बाप होमर बिअरचा कारखाना बघायला जातो. तिथं डफ, डफ लाइट, डफ ड्राय अशा तीन टाक्या आहेत आणि वरून येणारा एकच पाइप तिन्ही टाक्यांत उतरतो. तोच तर विनोद! कापलेल्या चौकटीत पाइपच गेला, उरल्या नुसत्या टाक्या. प्रेक्षकांनी आवाज उठवला आणि मे २०२० मध्ये मूळ आकारात बघायची सोय झाली. तेव्हा सेटिंगमध्ये मूळ आकार असेल तर तोच निवडा. नाहीतर जे तुम्हाला दिसलंच नाही, त्यावरून तुम्ही मालिकेला बोल लावाल.

आता मुख्य काम. एक भाग तीनदा बघायचा. सुरुवातीला ‘अ स्ट्रीटकार नेम्ड मार्ज’ (१९९२) घ्या, त्यासारखा शिकवणारा भाग नाही. नावच मुळी टेनेसी विल्यम्स यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकावरून आलंय. होमरची बायको मार्ज त्याच नाटकाच्या संगीत अवतारात काम करते आणि तेवढा वेळ त्यांची तान्ही मुलगी मॅगी पाळणाघरात.

पहिल्यांदा पॉज न करता सलग बघा. गोष्ट काय आहे ते कळू द्या.

दुसऱ्यांदा मधल्या पात्राकडे बघायचं नाही, कडेला आणि मागं बघायचं. पाळणाघराची पाटी वाचा: स्वार्थालाच सद्गुण मानणाऱ्या लेखिका आयन रँड यांचं नाव. लहान मुलांच्या चोखण्या काढून घेणाऱ्या, ‘आपलं आपण बघा’ म्हणणाऱ्या पाळणाघराला हेच नाव का दिलं, ते त्यांचे विचार माहीत असले की लगेच कळतं. शेवटी होमर मॅगीला न्यायला येतो तो प्रसंग सावकाश बघा. खोलीभर बाळं बसलेली. जमिनीवर, फर्निचरवर, जिथं जागा मिळेल तिथं. कुणी रडत नाही, हलत नाही, फक्त चोखण्यांचा चुपचुप आवाज येतोय. होमर मॅगीला उचलून हळूहळू पाय टाकत बाहेर निघतो. हिचकॉक यांच्या ‘द बर्ड्स’ (१९६३) मध्ये पक्ष्यांनी भरलेल्या अंगणातून माणसं अशीच जीव मुठीत धरून निघतात. आणि होमर बाहेर पडतो तेव्हा दोन कुत्री घेऊन चालणारा एक जाडा गृहस्थ दिसतो. ते स्वतः हिचकॉक. ‘द बर्ड्स’च्या सुरुवातीला ते असेच दोन कुत्री घेऊन दुकानातून बाहेर येतात.

तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. हे लोक करत नाहीत, आणि निम्मे संदर्भ तिथंच हुकतात. मॅगी चोखण्या परत मिळवायला निघते तेव्हा मागं वाजतं ते ‘द ग्रेट एस्केप’चं संगीत, एल्मर बर्नस्टाइन यांचं. सिनेमा तोही १९६३ चाच. एकदा सूर ओळखला की मॅगीला कोंडून ठेवलेलं असताना ती चेंडू का टप्पे देत बसते तेही उलगडतं. त्या सिनेमात कोठडीत बसून स्टीव्ह मॅक्वीन तेच करतो. नाटक चालू असताना होमर कार्यक्रमपत्रिकेच्या पट्ट्या फाडत बसतो, ते ‘सिटिझन केन’मधून आलंय. म्हणजे वीस-बावीस मिनिटांत तीन सिनेमे आणि एक नाटक, आणि सिनेमे पाहिले नसतील तरी गोष्ट कुठंही अडत नाही. संदर्भ चांगला की नुसता चिकटवलेला, हे मी याच कसोटीवर ठरवते.

आपल्याला सहज सापडावा असाही एक संदर्भ आहे. मालिकेतल्या भारतीय दुकानदार अपूचं नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून ठेवलेलं आहे. ‘पथेर पांचाली’तला तो मुलगा आठवला की या अपूच्या तोंडी दिलेला सोंगाचा उच्चार मला टोचतो. त्यावर पुढं मोठी चर्चा झाली आणि २०२० मध्ये हँक अझारिया यांनी तो आवाज देणं थांबवलं. इतकं सुंदर नाव उचललं होतं, त्याला साजेसा माणूस घडवायला हवा होता.

आता जर्क. माझी एकच अट आहे: चूक म्हणण्याआधी ती कुठल्या टेबलावर झाली ते शोधा. एकदा आमच्याकडे एका सीनमध्ये जखमेची पट्टी डाव्या हातावरून उजव्या हातावर गेली. सगळ्यांनी मेकअपवाल्या मुलीला धारेवर धरलं. वही उघडून मी दाखवलं की पट्टी बरोबरच होती, एडिटिंगमध्ये शॉट उलटवला होता. त्या दिवसापासून ही अट.

‘द सिम्पसन्स’चं लिखाण आणि मुख्य रेखाटनं अमेरिकेत होतात. मधली चित्रं आणि रंगकाम दक्षिण कोरियात, सोलला. १९९० च्या ‘होमर्स ओडिसी’मध्ये होमरच्या मालकाचा, बर्न्सचा, मदतनीस स्मिदर्स याची कातडी काळसर आणि केस निळे आहेत, पुढं तो कायम पिवळा. ही रंगाच्या टेबलावरची चूक. बर्न्सचं वय आधी ८१ आणि नंतर १०४ सांगितलं जातं, ते लिखाणाच्या टेबलावरचं.

तिसरा प्रकार चूक नव्हेच. आपल्या मालिका सात वर्षांचा लीप घेतात, मुलं एका रात्रीत मोठी होतात. इथं उलट आहे. होमर-मार्जचा मुलगा बार्ट कायम दहा वर्षांचा, आणि आईबापांचा भूतकाळच पुढं सरकतो. १९९१ च्या ‘द वे वी वॉज’मध्ये होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेत भेटतात. २००८ च्या ‘दॅट नाइन्टीज शो’मध्ये त्यांचं लग्नाआधीचं तरुणपण नव्वदच्या दशकात आहे. याला जर्क म्हणू नका, वहीत ‘सरकता काळ’ असा वेगळा रकाना ठेवा. हॅलोविनचे ‘ट्रीहाऊस ऑफ हॉरर’ भाग तर हिशेबातच धरू नका, तिथं मेलेली माणसं पुढच्या भागात जेवायला बसलेली असतात.

चौथा प्रकार चुका शोधणाऱ्यांचीच चेष्टा करण्याचा. १९९७ च्या पूची कुत्र्याच्या भागात मालिकेतल्या ‘इची अँड स्क्रॅची’ या उंदीर-मांजराच्या कार्टूनचा एक चाहता उठून विचारतो: इची स्क्रॅचीच्या सांगाड्यावर झायलोफोन वाजवतो तेव्हा एकाच बरगडीवर लागोपाठ दोनदा मारूनही दोन वेगळे सूर कसे निघाले? भाचा हसला. मी मात्र रिमोट ठेवून त्याला म्हटलं, ‘अरे, प्रश्न बरोबर आहे!’

आणि कुणी सांगितलं म्हणून काही लिहू नका, पॉज करून स्वतः वाचा. जुन्या शीर्षकदृश्यात मॅगी दुकानाच्या काउंटरवरून सरकते तेव्हा यंत्रावर ८४७.६३ डॉलर उमटतात. १९९५ च्या १३८व्या भागात मात्र मालिकेनंच तिथं अमेरिकेतल्या बंदूकधारकांच्या संघटनेची घोषणा उमटते असं ठोकून दिलं, आणि पुष्कळांनी ते खरं धरलं.

वहीचे रकाने माझे असे: भागाचं नाव, मिनिट आणि सेकंद, काय दिसलं किंवा ऐकू आलं, कुठून आलं, कुठलं टेबल. शेवटचा रकाना पेन्सिलीनं भरा. मी माझ्या वहीत तो कितीदा तरी खोडलाय, ‘बर्न्सचं वय’ आधी ‘सरकता काळ’मध्ये होतं.