आलेखावरची शेकडा वाढ-घट: आधी पाया शोधा

लातूरच्या एका अभ्यासिकेत मी पोलीस भरती, तलाठी, बँक आणि एमपीएससीच्या पोरांना अंकगणित शिकवते. शेकडा वाढीचं सूत्र त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं: फरक भागिले मूळ किंमत, गुणिले शंभर. मार्क जातात ते ‘मूळ किंमत’ कोणती हे न ठरवताच पेन चालवल्यामुळे. म्हणून माझा आग्रह एकच. फरक नंतर काढा, आधी ज्या स्तंभानं भागायचं त्यावर बोट ठेवा. त्या स्तंभाला आम्ही वर्गात पाया म्हणतो.

शिकवायला मी सोयाबीनचा हमीभाव घेते. बहुतेकांच्या घरी सोयाबीनच असतं, त्यामुळे आकडे परके वाटत नाहीत. केंद्रानं जाहीर केलेले क्विंटलमागचे भाव असे:

२०२०-२१: ३८८० रुपये
२०२१-२२: ३९५०
२०२२-२३: ४३००
२०२३-२४: ४६००
२०२४-२५: ४८९२
२०२५-२६: ५३२८

कागद घ्या आणि याचा स्तंभालेख स्वतः काढा. उभा अक्ष मुद्दाम ३५०० पासून सुरू करा. आता पहिला स्तंभ ३८० उंचीचा होईल आणि शेवटचा १८२८ उंचीचा, म्हणजे जवळपास पाचपट. भाव मात्र पाच वर्षांत १४४८ रुपयांनी वाढला. १४४८ भागिले ३८८०, म्हणजे साधारण ३७ टक्के. परीक्षेतही जागा वाचवायला अक्ष असाच मधून सुरू केलेला असतो, कधी तळाशी नागमोडी खूण असते, कधी तीही नसते. म्हणून स्तंभांच्या उंचीची आपसात तुलना करायची नाही. अक्षावरचे आकडे वाचायचे आणि प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहून टाकायचे. एकक तिथंच बघून घ्या. मात्र दोन्ही आकडे हजारात किंवा लाखात असतील तर ती शून्यं मांडत बसू नका, भागाकारात ती उडतातच.

आता पाया. ‘२०२४-२५ पेक्षा २०२५-२६ मध्ये भाव किती टक्के वाढला?’ इथं ‘पेक्षा’च्या आधी जे वर्ष आहे तो पाया. ‘च्या तुलनेत’, ‘च्या मानाने’, ‘पासून’ यांनाही हाच नियम. प्रश्न वाचताना त्या शब्दाखाली रेघ मारा. प्रश्नात वर्षं उलटी दिली, ‘२०२५-२६ च्या तुलनेत २०२४-२५ चा भाव किती टक्के कमी होता?’, तर फरक तोच ४३६ राहतो, पण भागायचं ५३२८ नं. पहिल्याचं उत्तर ८.९ टक्के, दुसऱ्याचं ८.२. पर्यायांत हे दोन्ही आकडे ठेवलेले असतात, हे धरूनच चाला.

भागाकार पूर्ण करत बसू नका. पायाचे दहा टक्के काढा, मग एक टक्का. ४८९२ चे दहा टक्के ४८९, एक टक्का ४९. वाढ ४३६, म्हणजे दहा टक्क्यांना ५३ कमी पडले. ५३ म्हणजे एक टक्क्याहून किंचित जास्त. उत्तर ८.९. सवय झाली की हे तोंडी जमतं आणि कच्च्या कामाची जागाही लागत नाही.

‘सर्वाधिक शेकडा वाढ कोणत्या वर्षी?’ या प्रश्नात पोरं सर्वात उंच पायरी शोधतात. आपल्या आलेखात २०२१-२२ ते २०२२-२३ ही पायरी ३५० ची आहे आणि शेवटची ४३६ ची. डोळ्यांना शेवटची फार मोठी वाटते. टक्के काढा: पहिली ८.८६, दुसरी ८.९१. पाया मोठा झाला की तेवढ्याच टक्क्यांना जास्त रुपये लागतात. इथं क्रम बदलला नाही, पण पाया थोडा इकडंतिकडं असता तर लहान पायरीच जिंकली असती. अशी घासून स्पर्धा असेल तर तिरपा गुणाकार करा: ३५० × ४८९२ म्हणजे १७,१२,२०० आणि ४३६ × ३९५० म्हणजे १७,२२,२००. दुसरा मोठा, विषय संपला.

वर्षावर्षाची टक्केवारी मिळवून एकूण वाढ काढता येत नाही. आपल्या पाच पायऱ्या १.८०, ८.८६, ६.९८, ६.३५ आणि ८.९१, बेरीज ३२.९० येते. खरी वाढ आपण वर पाहिली, ३७ टक्के. दरवर्षी पाया बदलत गेला म्हणून हा फरक पडला. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावरून थेट काढा.

आता याच आकड्यांचा सगळ्यात कठीण अवतार. समजा रेषालेखात भाव दिलेलाच नाही, ‘मागील वर्षापेक्षा शेकडा वाढ’ दिलीय. मग रेषा ८.८६ वरून ६.९८ वर, तिथून ६.३५ वर उतरताना दिसेल. खाली प्रश्न: ‘या काळात हमीभाव कमी झाला का?’ नाही. तो ४३०० वरून ४६०० आणि पुढं ४८९२ झाला. उतरला तो वाढीचा वेग. रेषा शून्याच्या वर आहे तोवर किंमत वाढतेच आहे. आलेखाचं शीर्षक आणि उभ्या अक्षावरचं नाव वाचल्याशिवाय प्रश्नाला हात लावायचा नाही, हे मी पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

जायकवाडीचा पाणीसाठा आपल्याकडं टक्क्यांतच बोलला जातो, तिथंही हेच. साठा ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला, तर तो २० टक्के बिंदूंनी वाढला. शेकडा वाढ मात्र २० भागिले ४०, म्हणजे ५० टक्के. आणि ८० वरून ६० वर आला तर घट २५ टक्के. परत ८० वर जायला ३३.३३ टक्के वाढ लागते.

दोन वृत्तालेख शेजारी असतील तर आधी त्यांच्या खालच्या एकूण संख्या बघा. तुरीचा वाटा ३० टक्क्यांवरून २५ वर आला, पण एकूण पेरा २००० हेक्टरवरून २८०० झाला, तर तूर ६०० वरून ७०० हेक्टर झाली. वाटा घटला, क्षेत्र १६.६७ टक्के वाढलं.

लोकसंख्येचे मोठे आकडे आले की आधी पर्यायांतलं अंतर बघा. तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २८,९७,०१३ होती, २०११ मध्ये ३७,०१,२८२. पर्याय २२, २५, २८, ३१ असतील तर २९ आणि ३७ धरा: ८ भागिले २९, साडेसत्तावीसच्या आसपास. २८ वर खूण करा. पर्याय २७.२ आणि २७.८ असे चिकटलेले असतील तेव्हाच पूर्ण भागाकार करा, कारण त्याचं उत्तर २७.७६ आहे आणि गोळाबेरीज तिथं फसवते.

सरावाला दोन प्रश्न देते, वरच्याच हमीभावावरून. २०२२-२३ च्या तुलनेत २०२५-२६ चा भाव किती टक्के जास्त? आणि २०२५-२६ च्या तुलनेत २०२२-२३ चा किती टक्के कमी? फरक दोन्हीकडं १०२८. पहिल्याचं उत्तर २३.९ आणि दुसऱ्याचं १९.३ आलं पाहिजे.