आरमाराचा इतिहास कसा वाचावा : घाटावरच्या मुलांसाठी

अग्निवीर भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. नौदलातून निवृत्त होऊन मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहायला आलो, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. त्यांच्या वहीत आरमाराचा इतिहास असतो, पण तो असा : सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४, खांदेरी १६७९, कान्होजी आंग्रे यांचा मृत्यू १७२९, ऑपरेशन ट्रायडंट १९७१. तारखा बरोबर असतात. देशाचा किनारा राखायचा कसा, याचं उत्तर मात्र त्यातून निघत नाही. म्हणून मी त्यांना ज्या पद्धतीने वाचायला लावतो, ती इथे सविस्तर लिहितो आहे.

कोणतीही सागरी लढाई वाचायला घेतली, की आधी जमिनीवर काय चाललं होतं ते शोधायचं. जहाजं एकमेकांवर तोफा डागतात तो शेवटचा अंक असतो. त्याआधी खलाशांचा पगार कोण देत होतं, जहाजाची डागडुजी कुठे होत होती, बातमी कोण आणत होतं आणि घरचं भांडण कुणाशी पेटलं होतं, यावर निकाल बराचसा ठरून गेलेला असतो. पगार, डागडुजी, बातमी, भांडण. हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

मग नकाशा घ्या. शाळेच्या नकाशात जमीन गच्च भरलेली आणि समुद्र नुसता निळा असतो. जहाजावर वापरतात त्या चार्टवर नेमकं उलट : जमीन जवळजवळ कोरी आणि पाण्यात आकडेच आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे ओहोटीला तिथे किती खोली उरते, याची नोंद. आपल्याकडचे चार्ट डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. चार्ट हाताशी नसेल तर मोबाइलवरचा उपग्रह नकाशा चालेल. त्यावरून कागदावर कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, खारेपाटण आणि विजयदुर्ग अशी रेघ ओढा. दुसरी रेघ फोंडा घाटातून मालवणकडे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर, एक तुटक रेघ काढा. तिथवर आपला प्रादेशिक समुद्र. २०० सागरी मैलांवर दुसरी काढा. तिथवरच्या माशांवर, तेलावर आणि वायूवर आपला हक्क. हे एकदा हाताने काढलं की समुद्र आपल्यापासून लांब आहे हा समज निघून जातो. तरीही शंका राहिली तर टाऊन हॉल म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी धातूची मूर्ती तिथे आहे. पंचगंगेच्या काठी तो देव पोहोचला तो बंदरं आणि घाट ओलांडूनच.

वाचनाला सुरुवात लढाईने करू नका. आज्ञापत्रातल्या आरमाराच्या प्रकरणाने करा. रामचंद्रपंत अमात्य म्हणजे आपले बावडेकर, गगनबावड्याचे. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला. ‘ज्याचे जवळ आरमार त्याचा समुद्र’ हे वाक्य भाषणात सगळे म्हणतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही पुढे वाचा, खरा माल पुढे आहे. गुराबा, म्हणजे तोफा वाहणारी मोठी लढाऊ गलबतं, मध्यम आकाराच्या बांधाव्यात, वाऱ्यावाचून अडून राहतील इतक्या अवजड नकोत, असं अमात्य सांगतात. जहाजाच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला जबरदस्तीने हात लावायचा नाही, कारण ती झाडं माणसाने लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालंच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडायचं. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीसाठी जागा द्यायचीच झाली तर ती खाडीच्या मुखाशी किंवा समुद्रकाठी देऊ नये, हाही सल्ला त्याच ग्रंथातला.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचं कलम पगाराचं आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, आरमाराच्या पैदास्तीवर, म्हणजे समुद्रावर जे हाती लागेल त्यावर, नेमू नये. तसं केलं तर सावकाराला उपद्रव होतो आणि सावकारी बुडते. साध्या भाषेत, खलाशाचं पोट लुटीवर सोडलं की तो व्यापाऱ्याला छळणार, व्यापारी बंदर सोडणार, जकात बुडणार आणि मग आरमार पोसायला पैसाच उरणार नाही. या कलमाखाली पेन्सिलने दोन रेघा मारा. पुढे ते लागणार आहे.

आता खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारी यांच्याकडे, मदतीला दौलतखानाचं आरमार. इंग्रजांची जहाजं मोठी आणि तोफाही भारी. ऑक्टोबरच्या झटापटीत मराठ्यांनी डव्ह हे त्यांचं जहाज पकडलं, पण रिव्हेंज या त्यांच्या दुसऱ्या जहाजापुढे आपल्याला मागेही फिरावं लागलं. मुलं इथे कोण जिंकलं ते विचारतात. मी त्यांना विचारायला लावतो : बेटावर दगड, चुना, धान्य आणि गोडं पाणी कसं पोहोचत होतं? उत्तर नागावच्या खाडीत आहे. लहान, उथळ तळाच्या होड्या रात्री खाडीतून निघायच्या आणि मोठ्या जहाजांना जिथे शिरता येत नाही अशा पाण्यातून बेटाला लागायच्या. इंग्रजांना ही ये-जा थांबवता आली नाही. शेवटी १६८० मध्ये त्यांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. तोफांच्या हिशेबात इंग्रज वरचढ होते. किनारा, खाडी आणि तिथली माणसं आपली होती.

याच्या शेजारी विजयदुर्ग ठेवा, फेब्रुवारी १७५६. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार किल्ल्याजवळ खाडीत एकाला एक लागून उभं होतं. ॲडमिरल वॉटसनच्या इंग्रज जहाजांनी मारा केला. एक गोळा रिस्टोरेशन या जहाजावर पडून आग लागली. हे जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेलं. तिथून आग एकेक करत सगळ्या आरमारात पसरली. कान्होजींनी आयुष्यभर उभं केलेलं बळ एका दिवसात राख झालं. आता वहीचं पहिलं पान उघडा आणि चौथा शब्द बघा. इंग्रज एकटे आले नव्हते. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं वैर टोकाला गेलं होतं आणि पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूने आंग्र्यांवर चालून आली होती. मराठ्यांचं सर्वांत लढाऊ आरमार मराठ्यांच्याच मदतीने परक्याने जाळलं. हा भाग शिकवताना आजही माझा आवाज चढतो. एकीचे गोडवे गाऊन पुढे जाऊ नका, नेमकं काय गमावलं ते लिहा : पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असं दुसरं आरमार त्यानंतर उरलं नाही.

यानंतर आपल्या घरचं प्रकरण, जे कोल्हापुरातल्या बहुतेकांना माहीत नसतं. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर संस्थानाकडे होते. आपल्याला बंदर होतं, आरमार होतं. १७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. तेव्हा कोल्हापूरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब बघत होत्या. पुढे तह होऊन, पैसे भरून किल्ला परत मिळाला. इंग्रजांची तक्रार एकच होती, मालवणची गलबतं आमच्या व्यापारी जहाजांना लुटतात. ही तक्रार पुढेही थांबली नाही आणि १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. इंग्रजांचा स्वार्थ उघड आहे, त्यांना सगळा किनाराच हवा होता. पण त्यांच्या हाती निमित्त कुणी दिलं? अमात्यांच्या त्या कलमाकडे परत जा. पैदास्तीवर जगणारं आरमार व्यापाऱ्याला नकोसं होतं आणि शत्रूला निमित्त देतं, हे ज्या गादीच्या अमात्यांनी लिहून ठेवलं, त्याच गादीचा समुद्र शंभर वर्षांत असा गेला.

१९७१ तुम्हाला तोंडपाठ असेल, म्हणून थोडक्यात. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, हेच ऑपरेशन ट्रायडंट. खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली. मुळात या नौका बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या, पल्ला कमी. मोठ्या नौकांच्या सोबतीने त्यांना शत्रूच्या दारात नेऊन वापरायचं ठरलं, त्यात खरं कसब होतं. चारच दिवसांनी विनाश या क्षेपणास्त्र नौकेने कराचीच्या किमारी भागातल्या तेलटाक्या पेटवल्या. आणि ९ डिसेंबर वगळून ट्रायडंट शिकू नका. त्या रात्री दीवजवळ हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. विजयाच्या आठवड्यातही पाण्याखालचा शत्रू शोधण्यात आपण कमी पडलो, हे त्या जवानांचा मान राखूनच लिहायला हवं.

आजच्या काळाकडे येताना मुलांना विमानवाहू नौकांबद्दल बोलायचं असतं. मी त्यांना आधी दिघी आणि शेखाडीला नेतो, नकाशावर. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं रायगडच्या या किनाऱ्यावर उतरली. लाच खाऊन डोळे मिटणारे कस्टम्सचे आणि पोलीस खात्याचे लोक पुढे न्यायालयात दोषी ठरले. तिथे जहाजं कमी पडली नव्हती, पहारेकरी विकला गेला होता. २००८ मध्ये अतिरेक्यांनी आपलाच कुबेर ट्रॉलर पळवला आणि मुंबईजवळ येऊन रबरी बोटीने कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. मी नौदलात रडारवर काम केलं आहे. खवळलेल्या समुद्रात पडदा लाटांच्या ठिपक्यांनी भरून जातो, त्यात लाकडी होडीचा ठिपका फिकट दिसतो, कधी दिसतच नाही. दिसला तरी तो ओळख सांगत नाही. पकडून नेलेला कुबेर आणि मासे घेऊन परतणारा कुबेर रडारला सारखेच. फरक कळतो तो शेजारी जाळं टाकणाऱ्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला. त्या रात्रीसुद्धा उतरणारी पोरं अनोळखी आहेत हे आधी वस्तीतल्या कोळी लोकांनीच हेरलं होतं.

त्यानंतर बरंच झालं. किनारी सुरक्षेची सर्वंकष जबाबदारी नौदलाकडे आली, किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, २०१४ मध्ये गुरुग्रामला माहिती एकत्र करणारं केंद्र सुरू झालं, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, २०१९ पासून सी व्हिजिल हा देशभराच्या किनाऱ्याचा सराव होतो. हे सगळं हवंच. पण तपासणीच्या नावाखाली तांडेलाला तासन् तास अडवून ठेवलं, त्याची मासळी खराब झाली, तर तो पुढच्या वेळी संशयास्पद बोट बघूनही फोन करणार नाही. सावकाराला उपद्रव देऊ नये, हे कलम आज मच्छीमाराला लागू आहे. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक वहीत असू द्या. सहलीला गेलात तरी उपयोगी पडतात.

वाचून झालं की विजयदुर्ग डोळ्यांनी बघा. गगनबावड्यावरून, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे असा रस्ता आहे. घाट दुरुस्तीसाठी बंद असेल तर भुईबावडा. दिवस निवडताना कालनिर्णयमध्ये सुट्टी बघू नका, तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. म्हणून चतुर्थी किंवा पंचमी धरा आणि कोल्हापूर पहाटेच सोडा.

आधी किल्ल्यावर जाऊ नका. खाडीत थोडं आत, गिर्ये गावाच्या बाजूला, आंग्रेकालीन गोदी आहे, ती ओहोटीला बघा. भरतीला गलबत आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळ खरवडून दुरुस्त करायचा, ही युक्ती तिथे उभं राहिल्यावर न सांगता कळते. मग तटावर चढा आणि खाडीचं तोंड किती अरुंद आहे ते बघा. १७५६ मध्ये आरमार कुठे अडकलं असेल, आगीतून बाहेर पडायला वाट होती का, ते वाऱ्याची दिशा बघून कागदावर मांडा. दुपारी भरती चढली की जेटीवर जा. बोटी परतत असतील तर कामात असलेल्या माणसाला अडवू नका. जाळी विणत बसलेले एखादे जाणते काका गाठा आणि त्यांना विचारा, अनोळखी बोट कशावरून ओळखता? शांतपणे ऐका, लिहून घ्या. पोलीस, तटरक्षक किंवा नौदलाच्या कोणत्याही ठिकाणाचे फोटो काढू नका.

परत येण्याआधी प्रत्येक नोंदीपुढे तिथी, घड्याळातली वेळ आणि पाणी कुठवर होतं ते लिहा. पुढच्या तुकडीला मी तीच पानं वाचायला देतो.