वजन उचलताय ना? मग या चुका टाळा

पंधरा लिटर पाण्याची घागर भांड्यासकट सोळा-सतरा किलो भरते. वडगाव-शहापुरात ती कमरेवर घेऊन जिना चढणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. त्याच बायका जिममध्ये आल्या की दोन किलोचे डंबेल उचलतात आणि दोन महिन्यांनी म्हणतात, "काहीच फरक नाही की ओ!"

कसा पडेल? स्नायूला रोजच्यापेक्षा जास्त काम मिळालं तरच तो ताकद धरतो. आठ-दहा वेळा उचलताना शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज जमले, की एक-दोन किलो वाढवायचं. 'बाप्यासारखे दंड होतील' ही भीती सोडा. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा फार कमी असतं. मीराबाई चानूनं टोकियोत एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं, ते ४९ किलोच्या गटात!

आता पाठ. डेडलिफ्टनंतर, म्हणजे वजनं लावलेला लांब दांडा (बार) जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायच्या व्यायामानंतर, माझी कंबर आठवडाभर धरली होती. दोष वजनाचा नव्हता. बार पायापासून वीतभर लांब होता आणि रोप लावताना आपण वाकतो तशी पाठ गोल करून मी वाकले होते. भाताचं रोप हलकं असतं, तिथं निभावतं. चाळीस किलोला ते चालत नाही. यावर घरीच करता येणारा उपाय सांगते. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहा. गुडघे किंचित सैल ठेवा आणि पाठ सरळ ठेवून बूड मागे नेऊन भिंतीला टेकवा. मांडीच्या मागं ताण आला की समजा जमलं. मग बार उचलताना तो नडगीला लागूनच वर आला पाहिजे. हे अंगवळणी पडेपर्यंत वजन वाढवू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

अजून एक: मोकळा बार म्हणजे शून्य नव्हे. बायकांच्या स्पर्धेतला बार १५ किलोचा असतो, पण जिममध्ये बहुतेक २० किलोचाच मिळतो. तो जड वाटला तर डंबेलनं सुरुवात करा, त्यात कमीपणा कसला? बैठकीत गुडघे आत वळत असतील तर वजन उतरवा. मऊ तळाचे धावायचे बूटही नकोत.

खाण्यात तर आपण फार मार खातो. उपवासाला साबुदाणा खाऊन व्यायामाला जायचं. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. व्यायाम करणाऱ्या बाईला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. हुलग्याची आमटी, मटकी, दही, अंडी, शेंगदाण्याची चटणी, सगळं आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

काट्यावर आकडा हलत नाही म्हणून सोडू नका. ब्लाऊज कमरेला सैल झालाय का ते बघा. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, तेव्हा तर हा व्यायाम हवाच.

वजन उचलताना श्वास कोंडून धरायची सवय असेल आणि रक्तदाब जास्त असेल, तर उचलताना श्वास सोडा. स्नायूंचं दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं. कंबरेतून पायात कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मालिश करत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.