सेफ्टी निवृत्त झाला: हॉल ऑफ फेमचा दावा कसा तपासायचा

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला नावाजलेला सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यांत मागे उभा राहणारा खेळाडू, निवृत्त झाला की पहिला वाद इंटरसेप्शनच्या (प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडण्याच्या) आकड्यावरून पेटतो. तिथून सुरुवात करू नका. पॉल क्राउझच्या नावावर 81 इंटरसेप्शन आहेत, हा आजही विक्रम आहे. तरी 1979 मध्ये खेळ थांबवल्यावर कँटनमधल्या हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातल्या दिग्गजांच्या सन्मान-दालनात) जायला त्याला 1998 उजाडलं. ट्रॉय पोलामालूची इंटरसेप्शन फक्त 32, आणि तो 2020 मध्ये पहिल्याच संधीत आत गेला.

आधी नियम बघा. शेवटच्या सामन्यानंतर पूर्ण पाच हंगाम जावे लागतात, मगच नाव विचारात येतं. 2025 पासून चाळणी जास्त कडक झाली आहे. शेवटी सात नावं उरतात, मतदार त्यातल्या पाचांना मत देतो आणि आत जायला 80 टक्के मतं लागतात. त्या वर्षी या सातांतून तिघेच निवडले गेले. म्हणून ‘चांगला होता का’ एवढ्यावर थांबू नका. ‘त्या पाचांत बसतो का’ हा खरा प्रश्न.

मोजायला हातात डेव्हिन मॅककोर्टी घेऊ. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाकडून 2010 ते 2022 असे 13 हंगाम, सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यात तीन विजय, 35 इंटरसेप्शन. मार्च 2023 मध्ये निवृत्ती, म्हणजे पहिली संधी 2028 च्या वर्गात.

सगळ्यात आधी ‘असोसिएटेड प्रेस’च्या ऑल-प्रो पहिल्या संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, तो किती वेळा आला ते काढा. हॉल ऑफ फेममधल्या सेफ्टींत एड रीड पाच वेळा; पोलामालू, ब्रायन डॉकिन्स आणि लेरॉय बटलर प्रत्येकी चार वेळा. जॉन लिंच आणि स्टीव्ह ॲटवॉटर दोन-दोन वेळा, आणि या दोघांना फार थांबावं लागलं: लिंच 2007 नंतर खेळला नाही, आत गेला 2021 मध्ये, ॲटवॉटर 1999 नंतर थांबला, आत गेला 2020 मध्ये. मॅककोर्टी पहिल्या संघात एकदाही नाही, दुसऱ्या संघात तीनदा. प्रो बोल या लीगच्या ऑल-स्टार सन्मानासाठी निवड दोनदा. प्रो बोलच्या आकड्याला मात्र कमी वजन द्या. त्यात चाहत्यांची मतं असतात, आणि कुणी माघार घेतली की बदली खेळाडूही ‘प्रो बोलर’ म्हणून मोजला जातो. बटलरच्या खात्यावर चारच प्रो बोल होते, यावरून त्याला कमी लेखणाऱ्यांचा अंदाज चुकला.

आता आकडे, पण दुरुस्त करून. 1977 पर्यंत हंगाम 14 सामन्यांचा होता, 1978 पासून 16, 2021 पासून 17. म्हणून इंटरसेप्शन हंगामामागे न मोजता सामन्यामागे मोजा. काळही बघा: सत्तरच्या दशकात शंभर पासमागे साधारण पाच इंटरसेप्शन होत, आता अडीचच्याही आत. सॅक (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू सोडण्याआधीच पाडणं) 1982 पासूनच अधिकृत आहेत, त्याआधीच्या सेफ्टीला त्या रकान्यात शिक्षा देऊ नका. जागा बदलली असेल तर आकडे वेगळे करा. मॅककोर्टीची सात इंटरसेप्शन 2010 ची, तेव्हा तो कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला पास झेलणाऱ्यांना रोखणारा, होता. सेफ्टीच्या जागी तो 2012 च्या हंगामात आला. टॅकलची (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडण्याची) मोठी संख्या दिसली तर लगेच खूश होऊ नका. सेफ्टी सारखा टॅकल करतोय म्हणजे पुढची फळी फुटतेय, असं पुष्कळदा असतं. खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेपासून टॅकल किती यार्डांवर झाला, ते बघा.

यापुढचं काम बहुतेकजण टाळतात, आणि निकाल खरा इथेच लागतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. 12-15 यार्ड मागे उभा असलेला सेफ्टी स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताना, चौकटीत नसतोच. त्यामुळे सगळे 22 खेळाडू दाखवणारं ‘ऑल-22’ चित्रण मिळवा. कारकिर्दीच्या सुरुवातीचा, मधला आणि उतरणीचा असे तीन हंगाम घ्या, प्रत्येकातले दोन-तीन सामने, आणि फक्त तिसरे डाउन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) बघा. स्नॅपला थांबवा: खोलवर तो एकटा आहे की जोडीला दुसरा सेफ्टी आहे? एकटा असेल तर काम दुप्पट अवघड. मग पहिली दोन पावलं बघा. क्वार्टरबॅकने डावीकडे बघून उजवीकडे फेकलं तर हा फसला का? मधल्या खोल जागेकडे नजर टाकून क्वार्टरबॅकने जवळचा पास दिला असेल, तर ते यश सेफ्टीचं, आणि ते कुठल्याच रकान्यात येत नाही. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक सुटला की चांगला सेफ्टी त्याच्या अंगावर सरळ धावत नाही, तिरका जाऊन त्याला साइडलाइनकडे ढकलतो. निव्वळ हायलाइट्सवर मत बनवू नका. 2010 मध्ये टायटन्सविरुद्ध पोलामालूने स्नॅपचा क्षण अचूक ओळखून रेषेवरून झेप घेतली आणि क्वार्टरबॅक केरी कॉलिन्सला धरलं, ते सगळ्यांना पाठ आहे. पण असा जुगार फसतो तेव्हा मागे किती जागा मोकळी पडते, हे पूर्ण सामन्यातच कळतं.

इथे मॅककोर्टी उजळून निघतो. 205 सामने, सगळ्यांत सुरुवातीपासून मैदानावर, 13 हंगामांत फक्त पाच सामने हुकले. प्रशिक्षक बिल बेलिचिकच्या मॅन कव्हरेजमध्ये (प्रत्येक बचावपटूने एकेक खेळाडू सांभाळायचा) मधली खोल जागा तो वर्षानुवर्षं एकट्याने राखायचा. हे काम मोठं आहे, आणि त्याच्यावर बोलताना याचा उल्लेख व्हायलाच हवा.

शेवटी बाहेर थांबलेल्या सेफ्टींची रांग बघा. अर्ल थॉमस तीन वेळा पहिल्या संघात, डॅरेन वुडसन तीन वेळा आणि तीन सुपर बोल, रॉडनी हॅरिसनची 34 इंटरसेप्शन आणि 30.5 सॅक, हे तिघेही 2025 च्या वर्गापर्यंत बाहेरच आहेत. मॅककोर्टीला यांच्या पुढे काढायचं तर पहिल्या संघातल्या शून्याला उत्तर हवं, आणि सुपर बोलच्या तीन अंगठ्या ते उत्तर देत नाहीत, कारण त्या संघाच्या आहेत. पेट्रियट्सच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये तो निःसंशय शोभतो. कँटनसाठी मी त्याला उपांत्य यादीपर्यंत नेईन, पण थॉमस आणि वुडसन बाहेर असताना पाचांतलं मत देणार नाही.